मोडलेला तुकडा जपून ठेवा

घरांत एखादी वस्तु मोडली म्हणजे ती दुरुस्त करावी कीं टाकून द्यावी, या प्रश्नावर एकत्र कुटुंबांत दोन तट पडतात. आमच्या घरीं हा वाद झाला तो एका जुन्या विलायती ड्रमसेटवरून. हा सेट आमच्या कैलासवासी काकांचा. कोल्हापुरांतील एका वाद्यवृंदांत त्यांनीं तो अनेक वर्षें वाजविला. त्यांच्या पश्चात् काकूंनीं तो चादरीखालीं माडीवर ठेविला आणि दर खंडेनवमीस त्याला फूल वाहिलें. गणेशोत्सवासाठीं पुतण्यानें तो मागितला व काकूंनीं दिलाही. परंतु मोठ्या ड्रमवर लहान ड्रम धरून ठेवणारी पकड घट्ट करतांना आम्हीं स्वतःच पान्यास फाजील जोर दिला, आणि पकडीचे दोन तुकडे झाले. काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं तुकडे उचलून पदराच्या टोकास बांधले, इतकेंच.

“असा भाग आतां मिळावयाचा नाहीं, नवा सेट घ्या,” असा सल्ला एका दुकानदारानें दिला. एका कारागिरानें वेल्डिंग करून पाहिलें, तों एक कोपरा मेणासारखा गळून गेला. चूक होती ती धातु न ओळखण्याची. क्रोमच्या मुलाम्यामुळें हे भाग पोलादी वाटतात. वस्तुतः जुन्या ड्रमचे असे पुष्कळ भाग जस्ताच्या मिश्रधातूचे, पोलादी साच्यांत दाबानें ओतलेले असतात. जस्त सुमारें ४२० अंश सेंटिग्रेडवर वितळतें. गॅस वेल्डिंगची ज्योत ३००० अंशांच्याही वर जाते. शिवाय अशा जस्तांत शिशाचा अल्प अंश जरी राहून गेला, तरी दमट हवेंत तें आंतून चिरत जातें. मोडलेल्या तोंडाशीं चिरांचें जाळें दिसलें, तर जोडकामाचा नाद सोडावा हें उत्तम.

शेवटीं आम्ही शिवाजी उद्यमनगरांत गेलों. उसाचे चरक आणि शेतीचीं इंजिनें यांच्या कामावर येथील ओतकामाचा हात तयार झालेला आहे. परदेशी यंत्र पाहून आपलें यंत्र घडविण्याची या शहराची हौसही जुनी. १९१८ सालीं बाबूराव पेंटर यांनीं दामले यांच्या साहाय्यानें चलच्चित्राचा कॅमेरा येथेंच तयार केला होता.

तेथील एका वयस्क साचेकारानें तुकड्यावर कानस फिरविली, आंतील करडा रंग पाहिला आणि म्हटलें, “साहेब, ह्ये पोलाद न्हवं, जस्त हाय. जोडायचं न्हाई, ह्येच्यावरनं दुसरं वतायचं.” त्यानें दोन्ही तुकडे चिकटवून गळालेला कोपरा मेणानें भरून काढला. पितळ थंड होतांना शेंकडा सुमारें दीड भाग आकसतें, म्हणून सर्वांगावर मेणाचा पातळ थर दिला. मग वाळूंत ठसा घेऊन त्यांत पितळ ओतलें. पितळ जस्ताहून चिवट असल्यानें अशा कामास तें योग्य. भोंकें मात्र लेथवर नव्यानें पाडलीं. आट्यांच्या बाबतींत त्यानें फार काळजी घेतली. १८४१ सालच्या व्हिटवर्थ पद्धतीच्या विलायती आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा असतो. एकाचा स्क्रू दुसऱ्यांत बळेंच पिळला, तर दोन्ही आटे फुकट जातात. म्हणून जुना स्क्रू मापून त्याच जातीचे आटे पाडले. शेवटीं निकलचा मुलामा दिला.

उत्सवांत पुतण्यानें सेट वाजविला. काकू पहिल्या रांगेंत बसल्या होत्या.

यावरून वाचकांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पकड हातानें बसेल इतकीच घट्ट करावी. स्क्रूस तेलाचा थेंब द्यावा, पान्याचा जोर देऊं नये. दुसरी गोष्ट अशी कीं, मोडलेला तुकडा कितीही निरुपयोगी वाटला तरी टाकूं नये. मापें, वळणें, भोंकांच्या जागा यांची तीच एकमेव नोंद असते. काकूंनीं त्या दिवशीं तुकडे उचलले नसते, तर साचेकाराच्या कौशल्याचा आम्हांस कांहींएक उपयोग झाला नसता. ते तुकडे आजही सेटाच्या पेटींत कापडांत बांधून ठेविलेले आहेत.