इंजिनाचा दम का जातो?

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने वडिलांच्या ग्रॅच्युइटीत पतपेढीचे कर्ज मिळवून एक जुनी टॅक्सी विकत घेतली. गाडी सीएनजीवर चालणारी, चार सिलिंडरची. रंग चकचकीत, मीटरवरचा आकडाही बेताचाच. पहिल्याच महिन्यात नाशिकचे भाडे मिळाले आणि कसारा घाटात गाडी चढेना. चार उतारू आणि त्यांचे सामान घेऊन ती दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकू लागली. परत आल्यावर गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले, दोनदा रेस दिली आणि निकाल सांगून टाकला, "इंजिन गेलं. पूर्ण काम करावं लागेल. पन्नास हजार धरा."

त्या रात्री त्या घरात कोणी धड जेवले नाही. हप्त्याची तारीख चार दिवसांवर आली होती. सकाळी मुलाचे वडील कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, एवढं बघा."

मी मिस्त्री नव्हे, कचेरीत वह्या लिहिणारा माणूस. आमच्या वहीत गाडीचा घसारा दरवर्षी ठराविक टक्क्याने लिहितात. गाडी चालो अथवा उभी राहो, किंमत तेवढी उतरते. इंजिनाचा घसारा मात्र वहीसारखा चालत नाही. तो कसा चालतो, हे त्या दिवशी एका वयस्कर मिस्त्रींच्या शेजारी बसून मी समजून घेतले. ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून लिहितो.

दाबातच बळ

सिलिंडरमध्ये हवा आणि इंधन येते, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि पेटलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. इंजिनाचे सारे बळ या दाबात आहे. दाब कोठून निसटला की बळ गेले. निसटण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली म्हणजे पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजणे. दुसरी, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट न बसणे. तिसरी, हेड गॅसकेट फुटणे.

रिंगा झिजल्या की ऑईल वर चढून जळते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. काळा धूर आला तर समजावे की इंधन जास्त जाते आहे किंवा हवा कमी मिळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर गॅसकेटचा संशय घ्यावा. थंडीच्या सकाळी थोडा वेळ दिसणारी वाफ मात्र दोष नव्हे.

किलोमीटर मोठे की वर्षे?

पुष्कळांना वाटते, जास्त पळालेली गाडी म्हणजे जास्त झिजलेली. हे अर्धेच खरे आहे. थंड इंजिन सुरू करताना ऑईल सगळीकडे पोचलेले नसते, त्या वेळी झीज सर्वांत जास्त होते. टॅक्सीचे इंजिन सकाळी एकदा तापले की दिवसभर गरमच राहते. उलट रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंत जाणारी घरची गाडी कधी पुरती तापतच नाही, तिच्या ऑईलमध्ये ओलावा साठत जातो. नुसती उभी राहिलेली गाडी तर आणखी वेगळ्या तऱ्हेने म्हातारी होते. तिचे रबरी पाइप तडकतात, टाकीतले पेट्रोल चिकट होते, आत गंज धरतो.

मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवा. १०८९ सीसीचे साधे इंजिन, पण बोअर करून, रिंगा बदलून, व्हॉल्व्ह घासून चालकांनी ते वर्षानुवर्षे पळवले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून निघाली. तिला थांबवले ते नियमाने.

आधी स्वस्त कारणे

गाडी ओढत नाही म्हणजे इंजिनच गेले, असे नसते. एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर इंजिनाला श्वास मिळत नाही. प्लग जळालेला असेल, इंधनाचा फिल्टर तुंबला असेल, तरी दम जातो. क्लचप्लेट घसरत असेल तर इंजिन ओरडते पण गाडी सरकत नाही. ब्रेक चिकटत असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, तर बिचारे इंजिन विनाकारण बदनाम होते.

दोन गोष्टी तर दोषातच धरू नयेत. पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट लावले की ताकद सुमारे दहा टक्के कमी होते, कारण गॅस सिलिंडरमधली हवेची जागा घेतो. आणि टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्का बळ गमावते, कारण वर हवा विरळ असते. महाबळेश्वर १३०० मीटरहून उंच आहे. तेथे कोरी गाडीही दहा टक्क्यांहून जास्त बळ हरवून बसते.

दहा मिनिटांची परीक्षा

मिस्त्रींनी आधी एअर फिल्टर काढला. तो काळाकुट्ट होता. मग चारही प्लग काढून एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर बारा किलोच्या आसपास, चौथा फक्त सात. चारही सारखेच उतरले असते तर सर्वसाधारण झीज म्हणता आली असती, एकच खाली म्हणजे दोष त्याच जागी. मग त्यांनी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडले आणि पुन्हा मोजले. रिंगांमधून दाब जात असता, तर ऑईलने फट भरून काटा वर गेला असता. काटा सातवरच राहिला. शेजारच्या सिलिंडरचा दाब चांगला होता, पाण्यात बुडबुडे नव्हते, म्हणजे गॅसकेटही शाबूत.

"व्हॉल्व्ह बसत नाही," मिस्त्री म्हणाले. "गॅस कोरडा असतो. व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटची फट मिटते. कुणी वेळेवर टॅपेट बघितलेच नाहीत."

फक्त हेड उतरवून त्याचे काम केले. खालच्या ब्लॉकला हात लावावा लागला नाही. खर्च पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शात आटोपला आणि गाडी पुन्हा कसारा चढली.

घेण्यापूर्वी हे करा

जुनी गाडी घ्यायची असेल तर ती सकाळी, थंड इंजिनावर सुरू करून पाहा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. ऑईलची पट्टी काढून बघा. चढावर चालवा, सपाट रस्त्यावर सगळ्या गाड्या चांगल्याच असतात. मीटर मागे फिरवता येतो, म्हणून क्लच-ब्रेकच्या पॅडलचे रबर आणि स्टिअरिंगची झीज मीटरशी जुळते का ते पाहा. सर्व्हिसची बिले मागा. आणि आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

घेतल्यावर ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदला. ज्या इंजिनात टॅपेट हाताने जुळवायचे असतात, तेथे गाडीच्या पुस्तकातल्या अंतरावर ते जुळवून घ्या. प्रत्येक खर्चाची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहा.

तो तरुण आता अशी वही ठेवतो. दर महिन्याला वडील ती चष्मा लावून वाचतात. जन्मभर राबून मिळालेला पैसा त्या बॉनेटखाली आहे. कोणी "इंजिन गेलं" म्हटले, तर आधी विचारा, किती सिलिंडर मोजले?