‘दारूचा वास नाही ना, मग झालं तर!’

तोंडाला वास नाही, खिशात सिगारेट नाही, म्हणजे पोरगा व्यसनापासून लांब आहे, असं बरेच पालक धरून चालतात. एम्सच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते १७ वयोगटात हुंगण्याच्या नशेचं प्रमाण १.१७ टक्के होतं, मोठ्यांमध्ये ०.५८. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेली ही एकच नशा. घरात सायकल नसताना दप्तरात पंक्चरचं सोल्युशन सापडलं, रुमालाला थिनरचा वास आला, तर दुर्लक्ष करू नका.

मग तपासणीचं कीट आणलं की सोक्षमोक्ष लागेल? नाही. लघवीच्या नेहमीच्या कीटमध्ये हुंगलेलं थिनर सहसा दिसतच नाही. गांजाचा अंश बरेच दिवस टिकतो. खसखस भरपूर खाल्ली तरी अफूवर्गातली चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. शिवाय चोरून तपासल्याचं कळलं की मूल तोंड उघडत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे रंगेहाथ सापडला की तिथल्या तिथे फैलावर घ्यायचं. थिनर किंवा सोल्युशन हुंगल्यावर हृदय अ‍ॅड्रेनलिनला फार संवेदनशील होतं. एकदम दचकणं किंवा पळापळ यांनी ठोक्यांची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, अगदी पहिल्याच वेळीही. म्हणून आवाज चढवू नका. खिडक्या उघडा, त्याला बसवा, एकटं सोडू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करा.

बोलायचं ते नशा उतरल्यावर. ‘तू नशा करतोस का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा जे दिसलं तेच सांगा: ‘शनिवारी तुझ्या जॅकेटला थिनरचा वास येत होता. मला काळजी वाटतेय. काय झालं ते सांग, मी ओरडणार नाही.’ आणि मग खरंच ओरडू नका. मामा-काकांची बैठक तर मुळीच बसवू नका.

विचारलं की नको ते डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. पोलिसांच्या भीतीनेही अनेक घरं गप्प राहतात. पण व्यसन जडलेली व्यक्ती स्वतःहून उपचार घेत असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४-अ तिला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन निःशुल्क आहे. मुलगा यायला तयार नसेल, तर समुपदेशकाकडे आधी तुम्ही एकटे गेलात तरी चालतं.