गाण्याचा तास: पांढुर्णा-सौंसरच्या निमित्ताने एक मागोवा

प्राथमिक शाळेत संगीत नको, असे आपल्याकडे जाहीरपणे कुणी म्हटल्याचे आठवत नाही. गेल्या शतकात ज्या समित्या बसल्या आणि जे आराखडे निघाले, त्यांतल्या बहुतेकांनी गाण्याला मानाचे पान दिले. तरीही मध्य प्रदेशातल्या मराठी पांढुर्णा-सौंसर भागातल्या साध्या सरकारी शाळेत आज संगीत म्हणजे सकाळची प्रार्थना, राष्ट्रगीत, बालसभेत एखाद्या धीट पोराने म्हटलेले गाणे आणि १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की स्पीकर लावून बसवलेला नाच. याचे खापर पैशाच्या टंचाईवर किंवा सरकारी अनास्थेवर फोडले की विषय मिटतो. पण मागे वळून नीट पाहिले तर निराळेच चित्र दिसते. मराठी प्राथमिक शाळेत गाणे होते, आणि ते भाषेच्या तासात, साध्या वर्गशिक्षकाच्या गळ्यात होते. धोरणे आखणाऱ्यांनी ते कायम दुसरीकडेच शोधले. त्यामुळे ते गेले तेव्हा गेल्याची नोंदही कुणी केली नाही.

आधी त्या दुसऱ्या जागेचा हिशेब पाहू. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्याला गायनशाळा काढली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उभे राहिले. गाणे घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणून मध्यमवर्गीय मुलामुलींना खुले करण्याचे मोठे काम या मंडळींनी केले. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तकमालिका’ मुळात मराठीत होती. पलुस्करांनी तर ‘संगीत बालप्रकाश’ नावाने लहानांसाठीही लिहिले. पण या वाटेवर भेटणारे मूल हे उद्याचा गायक म्हणूनच गृहीत धरलेले असते. सरगम, अलंकार, छोटा ख्याल, परीक्षा, पुढली परीक्षा, अशी ही शिडी आहे, आणि तिच्या पहिल्या पायरीवरच संगीतशिक्षक, वाद्य आणि वेगळी खोली लागते. ज्या कसब्यात हे तिन्ही नाही, तिथल्या पहिली-दुसरीच्या वर्गाला या थोर परंपरेतून एकच निष्कर्ष मिळाला: गाणे हे जाणकाराचे काम, आपले नव्हे.

याच काळात मराठी शाळेत रोज गाणे चालू होते, फक्त त्याला कुणी संगीत म्हणत नव्हते. कविता चालीवर म्हणायची, ही त्या शाळेची रीत होती. ओवीची चाल वेगळी, अभंगाची वेगळी. आर्या, साकी, दिंडी, श्लोक, प्रत्येकाचा ठरलेला डौल. मनाचे श्लोक ज्याला म्हणता येत, त्याला भुजंगप्रयातातली कुठलीही नवी कविता लगेच म्हणता येई, कारण वृत्तासोबत चालही पाठ झालेली असे. मास्तर एक ओळ म्हणत, वर्ग ती उचले. लघु-गुरूंमुळे लय पक्की होई आणि चालीमुळे पाच-सहा सुरांची ये-जा गळ्यात बसे. तंबोरा नाही, परीक्षक नाही, आणि वेळापत्रकात वेगळा तासही नाही. शिवाय घरात जात्यावरची ओवी आणि देवळात भजनी मंडळाचा अभंग हीच वृत्ते वापरत असल्याने, शाळेतले गाणे आणि घरचे गाणे एकमेकांना टेकून उभे होते.

ही जागा हेरण्याच्या सर्वांत जवळ आली ती १९३७ ची वर्धा योजना. पांढुर्णा-सौंसर तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, आणि वर्धा त्याच प्रांतात. झाकिर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात हस्तोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या पंगतीला संगीतही बसले. मात्र समितीचे वेळापत्रक पाहिले की पंगतीतला वाढप कळतो. साडेपाच तासांच्या दिवसात हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे, मातृभाषेला ४० मिनिटे, आणि संगीत, चित्रकला व गणित या तिघांना मिळून ४० मिनिटे. रविशंकर शुक्लांच्या विद्यामंदिर योजनेने हाच विचार प्रांतातल्या खेड्यांत नेऊ पाहिला. गाणे सामान्य शिक्षकाच्या हाती द्यायचे, हा या योजनेचा निर्णय अगदी योग्य होता. पण तो शिक्षक घडवायचा कसा, हा प्रश्न टकळी आणि चरख्याच्या मागे राहिला, आणि १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर सारीच गाडी रखडली.

सामान्य माणसाला गायला शिकवता येते का, याचे उत्तर मात्र त्याच मुलखात शाळेबाहेर मिळत होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला आणि खंजिरी भजन व सामुदायिक प्रार्थना यांच्या जोरावर गावेच्या गावे एका सुरात आणली. त्यासाठी त्यांना एक खंजिरी, ठसठशीत चाल, लोकांना कळणारे शब्द आणि रोजची ठरलेली वेळ एवढेच लागले. शिक्षणखात्याने याकडे भक्तीचा किंवा समाजकार्याचा प्रकार म्हणून पाहिले. अध्यापनाची पद्धत म्हणून त्याची तपासणी केली असती, तर वर्धा योजनेत जे अर्धे राहिले होते ते इथे तयार मिळाले असते.

मग १९५६ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात खैरागढला संगीत आणि ललित कलांचे विद्यापीठ सुरू झाले. पुढच्याच महिन्यात, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातल्या मराठी सौंसर-पांढुर्ण्यासह, मध्य प्रदेशात राहिला. त्याच घटनादुरुस्तीने संविधानात कलम ३५०-अ आले: भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. उच्च संगीताला विद्यापीठ मिळाले, मातृभाषेला कलम मिळाले. मुलांचे गाणे या दोहोंच्या मधल्या फटीत पडले. पुढच्या दशकांत या भागात मराठी माध्यम ओसरत गेले आणि हिंदी माध्यम रुळले. या बदलाची चर्चा नोकऱ्या, अर्ज, पाठ्यपुस्तके अशा अंगांनी झाली. मराठीच्या तासासोबत चाली, वृत्ते आणि घराशी असलेला सुरांचा दुवाही जातो आहे, हे कुणी मांडले नाही. हिंदीकडे गाणे नाही असे कोण म्हणेल? दोहा आणि चौपाई गाण्यासाठीच आहेत. पण ज्या घरात दोहा म्हटला जात नाही, तिथल्या मुलाला शाळेतली चाल शाळेतच सोडून यावी लागते.

जिथे मराठी शाळा टिकल्या, तिथेही फार वेगळे घडले नाही, हे मान्य केले पाहिजे. जाम नदीचे खोरे ओलांडून महाराष्ट्रात नरखेड-काटोलकडे गेले तरी कविता चालीवर म्हणण्याची सवय सैलच झालेली दिसते. मुक्तछंद आला, पाठांतर बदनाम झाले, कविता प्रश्नोत्तरांसाठी वाचली जाऊ लागली. म्हणजे भाषा टिकली म्हणून गाणे आपोआप टिकत नाही. भाषेच्या तासात गाण्याचे काम होते, हे ओळखले असते तरच ते टिकले असते. दरम्यान कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्राथमिक स्तरावर गाणे ‘सर्जनशील कृतीं’च्या मोठ्या टोपलीत टाकले. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मात्र व्यवहार स्पष्ट केला. त्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी असे पदच नाही. तेव्हा ‘संगीतशिक्षक नेमा’ ही मागणी प्राथमिक शाळेपुरती कायद्याच्या दारातच अडते. आपल्याला वर्गशिक्षकाकडेच परत यावे लागते.

इथे जाणकारांचा आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचा स्वतःचा सूर पक्का नाही, तो मुलांचा सूर बिघडवील. खरे आहे, आजही बिघडतोच आहे. पुरुष शिक्षक आपल्या सोयीच्या पट्टीत प्रार्थना धरतो, ती मुलांना इतकी खाली पडते की खालच्या ओळी पुटपुटल्या जातात. मग ‘मोठ्याने म्हणा’ असा हुकूम सुटतो आणि मुले गाणे सोडून ओरडू लागतात. यावर उपाय अगदी हाताजवळचा आहे: पेटीवर मुलांची पट्टी शोधून त्या सुरावर खूण करायची आणि रोज तोच सूर देऊन सुरुवात करायची. असल्या दहा-वीस गोष्टी अध्यापक पदविकेच्या दोन वर्षांत सहज शिकवता येतात. आपण भाषा शिकवायला व्याकरणाचार्य नेमत नाही आणि गणित शिकवायला गणिती नेमत नाही. मग गाण्यालाच वेगळा न्याय का? संगीतकार वसंत देसाईंचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतल्या त्यांच्या दोन प्रार्थना उत्तर भारतातल्या असंख्य शाळांच्या झाल्या. ‘गुड्डी’तली तर केदार रागावर आधारलेली आहे. रागाचे नावही न ऐकलेली मुले पन्नास वर्षे केदाराच्या सुरांत दिवस सुरू करत आली आहेत, कारण रचना करणाऱ्याने समूहाचा गळा ओळखला होता. हंगेरीत झोल्तान कोदाय यांच्या विचारातून १९५० मध्ये केच्केमेतला गायनप्रधान प्राथमिक शाळा निघाली. तिचा पायाही हाच: वाद्याआधी गळा, आणि परक्या गाण्याआधी घरचे लोकगीत.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. मुलांना वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी येत नाही. ‘निपुण भारत’च्या चाचण्या डोक्यावर असताना गाणे कुठे बसवायचे? यावर संगीतप्रेमी घाईने सांगतात की संगीताने बुद्धी वाढते. हा युक्तिवाद करू नये. ज्या १९९३ च्या ‘मोझार्ट’ प्रयोगावर त्याची भिस्त असते, तो ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता आणि त्यातला फायदा जेमतेम १०-१५ मिनिटे टिकला होता. गाणे गाण्यासाठीच शिकवायचे, एवढे पुरेसे आहे. तरी वेळेच्या प्रश्नाला मागोव्यातच उत्तर आहे: चालीवर म्हटलेली कविता भाषेचाच तास वापरते, वेगळा मागत नाही. अक्षरे कच्ची असलेल्या मुलाला ओठांवर आधीच असलेली ओळ पुस्तकात भेटली, तर ती वाचायला हुरूप येतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. घरचे गाणे म्हणजे कुणाच्या घरचे? अभंग आणि भजनेच आली तर शाळा एका पंथाची होईल, आणि हिंदी शाळेत मराठी गाण्यांनी भाषेचा वाद पेटेल. पण हा मुलूख एका रंगाचा नाहीच. इथे वऱ्हाडी वळणाची मराठी आहे, पवारी आहे, गोंडी आहे. विदर्भाकडच्या पोळ्यात झडत्या झडतात, शरदात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, बौद्ध वस्त्यांत भीमगीते असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे, म्हणजे दगडफेकीच्या खेळामुळे, पांढुर्णा दरवर्षी देशाच्या बातम्यांत येते. त्या सणाच्या गाण्यांची बातमी होत नाही. वेगवेगळ्या वस्त्यांची पोरे रोज एकत्र बसतात ती जागा शाळाच, म्हणून ही गाणी एकमेकांना शिकवायचे तिच्याइतके योग्य ठिकाण नाही. भाषेच्या वादाचे म्हणाल, तर हिंदी शाळांच्या त्या दोन प्रार्थनांना चाल लावणारा माणूस मराठी होता आणि त्यावरून कुणाचे काही बिघडले नाही. २०२० चे राष्ट्रीय धोरण घरच्या भाषेला प्राथमिक वर्गांत स्थान द्या म्हणते. माध्यम बदलणे अवघड आणि राजकीय असेल. दिवसाला एक मराठी, पवारी किंवा गोंडी गाणे म्हणायला माध्यम बदलावे लागत नाही.

पांढुर्णा-सौंसर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नवा जिल्हा झाले. नवे प्रशासन नव्या यादीपासून सुरुवात करते, आणि अशा यादीत ‘शाळांना हार्मोनियम’ ही नोंद चटकन शिरते. ती शिरण्याआधी क्रम ठरवावा. पहिल्यांदा शिक्षक: उन्हाळी प्रशिक्षणात सूर धरणे, मुलांची पट्टी ओळखणे आणि टाळीवर लय सांभाळणे एवढेच, पण सगळ्यांना. मग प्रत्येक इयत्तेसाठी पंधरा-वीस गाणी, जिल्ह्याच्या साऱ्या बोलींतली, गावातल्या जाणत्या बायाबापड्यांकडून आणि भजनी मंडळांकडून घेतलेली. पेटी सर्वांत शेवटी. आजवर हा क्रम नेमका उलटा राहिला: आधी विद्यापीठ, मग आराखडा, मग वाद्य, आणि शिक्षकाचा गळा कधीच नाही. तो उलटवायला फार पैसा लागत नाही. पहिलीच्या वर्गातला शिक्षक हाच संगीताचा शिक्षक आहे, एवढे कागदावर मान्य करावे लागते.