घरगुती, पण हॉटेलसारखं

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की चौफुला यायच्या आधीपासूनच पाट्या सुरू होतात. ‘अस्सल घरगुती चव.’ ‘घरगुती जेवण मिळेल.’ एकीवर ‘आईच्या हातचं जेवण’ असं ठसठशीत अक्षरांत आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘एसी फॅमिली हॉल, पार्किंगची सोय’. इकडे माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षांत मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी कोणती, तर पावभाजीचा पहिला घास घेऊन मुलगा म्हणाला, ‘आई, एकदम हॉटेलसारखी झालीय!’

म्हणजे हॉटेलाला घर व्हायचंय आणि घराला हॉटेल. मी दोन्हीकडे आवडीने खाते, त्यामुळे दोघांची ही धडपड मला ताटातच दिसते.

माझं माहेर मंगळवेढ्याचं. आई रोज पंधरा-वीस भाकऱ्या थापायची आणि तिला हॉटेलात जायला मनापासून आवडायचं. वर्षातून तीन-चारदा योग यायचा, पंढरपुरात नाहीतर सोलापुरात. तेव्हाच्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ असायची. लाकडी फळ्यांचे खण, दाराला मळकट पडदा, आत पांढऱ्या फरशीचं टेबल. बायकांनी तिथे बसायचं. पडद्याखालून पोऱ्याचे पाय तेवढे दिसायचे. आई पदर सावरून बसायची आणि म्हणायची, ‘चला, आज दुसऱ्याच्या हातचं.’ ज्यांनी जन्मभर स्वतःच्याच हातचं खाल्लंय त्यांनाच या शब्दांची गोडी कळेल. पदार्थ बरा असो की यथातथा, कुणीतरी तो आपल्यापुढे आणून ठेवतं आणि आपल्याला उठावं लागत नाही. अर्धी चव तिथेच.

उरलेली अर्धी ती शोधत बसायची. मिसळीचा रस्सा चमच्याने उचलून आधी नाकाशी न्यायची, मग जिभेवर घोळवायची, मग निकाल. ‘खोबरं काळं होईस्तोवर भाजलंय. धने जास्त. आंबटाला काहीच नाही घातलं, म्हणून लिंबू दिलंय.’ आठवड्याच्या आत ती मिसळ घरी व्हायची. चांगली व्हायची. पण ती व्हायची नाही. आई दर वेळी मसाला बदलून बघायची आणि दर वेळी हिरमुसायची.

खोट मसाल्यात नव्हतीच. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. तिचा तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो, तेही तेलातच विरघळतं. मिसळवाला पहाटेच पातेलं चढवतो आणि त्यात घरची बाई दचकेल एवढं तेल ओततो. कांदा, आलं-लसूण, खोबऱ्याचं वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परततो. तिखट घालताना आच बारीक, नाहीतर करपून रंग काळवंडतो. रंगासाठी बहुतेक ब्याडगी, जी दिसायला गर्द आणि स्वभावाने मवाळ. झणका आणायला संकेश्वरी किंवा लवंगी. मग पाणी, आणि मग नुसतं बारीक आचेवर रटरटणं. सगळा रंग आणि अर्धा जाळ घेऊन तेल हळूहळू वर येतं, तीच तर्री. नऊ वाजता आपण जातो तेव्हा तो कट तीन-चार तासांचा मुरलेला असतो. आपण घरी चार माणसांच्या रश्श्याला दोन पळ्या तेल घालतो, तेही डॉक्टर आठवून, दहा मिनिटं उकळतो आणि तर्री आली नाही म्हणून मसाल्याच्या पाकिटाला नावं ठेवतो. येणार कुठून?

मिसळीवरून भांडणं किती, हे सांगायला नकोच. पुण्याच्या जुन्या चालीत तळाशी पोहे, गोड्या मसाल्याकडे झुकलेला रस्सा. नाशकात सोबत पापड आणि दही, काळ्या मसाल्याचा वास. कोल्हापुरात लालभडक कट आणि पावाच्या ऐवजी ब्रेडचे जाड स्लाइस. माझं मत कोल्हापूरला आहे, आणि ते पुण्यात राहून उघड सांगायला थोडं धैर्य लागतं. पाव वरच्यावर भिजतो, तो जाड स्लाइस मात्र कट पार आतपर्यंत शोषून घेतो. 2015 साली दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला लंडनमध्ये जगातल्या सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा किताब मिळाला. ती बातमी मी कोल्हापूरच्या नणंदेला उत्साहाने वाचून दाखवली. ती ‘बरं’ म्हणाली. एवढंच.

‘घरगुती’ हा शब्द पाटीवर चढायच्या कितीतरी आधी मुंबईत तो खरोखर विकला जात होता. 1890 साली महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली, ती हापिसात बसलेल्या माणसाला घरचंच जेवण हवं होतं म्हणून. पण ज्याचं घरच रत्नागिरीत किंवा साताऱ्यात, त्याचं काय? गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गडी एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्यासाठी चाळीतली एखादी बाई स्वतःच्याच चुलीवर दहा-पंधरा जणांचा जादा स्वयंपाक करायची. हीच खानावळ. पैसे महिन्याच्या महिन्याला, पगार झाला की. तोवर बाईने वाण्याकडून उधारीवर धान्य उचलायचं आणि वर व्याज भरायचं. सकाळच्या पाळीचा गडी जेवून गेला की दुपारच्याचं ताट. कोकणातल्याला भात-माशाचं कालवण हवं, घाटावरच्याला भाकरी. दोन मुलुखांची ‘घरगुती चव’ एकाच दहा बाय बाराच्या खोलीत शिजत होती. प्रेमा पुरव यांनी 1975 साली या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट खुली केली, तेव्हा कुठे सावकारी व्याजाचा फास थोडा सैल झाला. पुढे जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारेच गावी परतले, तेव्हा कितीतरी चुली विझल्या. हायवेवरच्या त्या पाटीखाली उभी राहिले की मला या खोल्या आठवतात. ‘आईच्या हातचं’ म्हणणाऱ्या हॉटेलात आत डोकावून पाहा, बहुतेक वेळा तव्यापाशी कुणाची आई नसते, एक घामाघूम पोरगा असतो.

स्वयंपाकाची पुस्तकंही याच ओढाताणीतून आली असावीत असं मला वाटतं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचं. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 सालची, आणि तिची सगळी मातब्बरी वाटी-चमच्याच्या नेमक्या मापात. ज्यांची सासू-आई हाताशी नव्हती, अशा शहरातल्या नव्या सुनांना तिने स्वयंपाकघरात उभं केलं. माझी ‘रुचिरा’ तेलकट बोटांनी पारदर्शक झालीय. आईला मात्र ते प्रकरण पटलं नाही. ‘मीठ काय चमच्याने मोजायचं?’ तिचं मीठ चिमटीत आणि अंदाज डोळ्यांत. तिच्या हातची आमटी कधी सलग दोन दिवस सारखी झाली नाही, आणि कधी बिघडलीही नाही. हॉटेलाला हे परवडत नाही. तिथे मंगळवारची इडली शनिवारी तशीच लागली पाहिजे.

इडली-डोशात तर मी हॉटेलाला साष्टांग नमस्कार घालते. माटुंग्याचं एखादं जुनं उडुपी हॉटेल असो, पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरची ‘वैशाली’ असो, की कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं शेट्टी अण्णांचं दुकान, डोशाचं गणित तिथे सुटलेलं असतं. एकदा काउंटरच्या पलीकडे डोकावून नीट बघा. जाडजूड लोखंडी पत्रा, रात्रंदिवस तापलेला. डोसेवाला त्यावर पाणी मारतो, चर्रर्र आवाज येतो, वाफ उठते, आणि लगेच आखूड झाडूने तो पाणी निपटून टाकतो. त्याने पत्रा धुतला असं आपल्याला वाटतं. त्याने खरं तर वरचा ताव नेमका उतरवलेला असतो, म्हणजे पीठ पडल्या पडल्या चिकटून गोळा होत नाही, वाटीच्या बुडाने फिरवलं की सरकत जातं. मग खालच्या जाड लोखंडात साठलेली धग लगेच वर येते आणि कडा तांबूस होऊन उचलायला लागतात. आपल्या पातळ तव्यात ही धग साठतच नाही. पीठ पडलं की तवा गार, मोठा गॅस केला की डोसा मधे करपतो आणि कडेला कच्चा. पहिला डोसा आमच्याकडे कायम तव्याच्याच पोटात जातो.

शिवाय पुण्याचा डिसेंबर. तांदूळ आणि उडदाचं पीठ आंबतं ते डाळ-तांदळावर आधीपासून असलेल्या जिवाणूंमुळे. त्यांनी सोडलेल्या वायूने ते फुगतं आणि उडदाचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. जिवाणूंना ऊब लागते. हॉटेलच्या मुदपाकखान्यात ती रात्रभर आयती असते. आमच्याकडे पातेलं गोधडीत गुंडाळून दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये झोपवावं लागतं, तान्ह्या मुलासारखं. शेवटी मी बिडाचा जाड तवा आणला. उचलताना मनगट दुखतं, पण चौथ्या डोशापासून ‘हॉटेलसारखं’ ऐकू येतं.

पंजाबी भाज्यांच्या नादाला मात्र मी घरी लागत नाही, आणि बाहेरही फारशी लागत नाही. एक लाल ग्रेव्ही कांदा-टोमॅटोची, एक पांढरी काजू-मगजाची, एक पिवळी. सकाळी तीन पातेली तयार ठेवायची आणि रात्रभर कार्डावरच्या चाळीस भाज्या त्यांच्यातूनच काढायच्या. एकदा हे कळलं की चाळीस नावं वाचायचा हुरूपच जातो.

आता भाकरी. इथे हॉटेल माझ्यापुढे हरतं.

मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीतली मालदांडी ज्वारी, जिला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून तिचं पीठ ओढलं तर लांबत नाही, तुटतं. त्यावर उपाय गरम पाण्याचा. कढत पाण्याने थोडं पीठ शिजतं, चिकटतं, आणि मळता मळता गोळा वळायला लागतो. मळायचं तळहाताच्या टाचेने, जोर लावून. परातीत थापताना गोल आपोआप फिरला पाहिजे; अडकला की समजायचं पीठ कमी पडलं. तव्यावर टाकली की वरून ओल्या हाताने पाणी फिरवायचं. कोरडं पीठ जातं आणि वरचा थर शिजून पातळ पापुद्रा धरतो. पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, त्या क्षणी उलटायची. मग निखाऱ्यावर किंवा थेट जाळावर. आतली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. आई ती फुगलेली भाकरी ताटात टाकून अंगठ्याने पापुद्रा फोडायची, वाफेचा भपकारा यायचा, आणि त्या पोकळीत ती तेल-चटणी सारायची.

हे सगळं दोन-तीन मिनिटं टिकतं. गार होताना ज्वारीतला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि भाकरी वातड होते. तव्यापासून ताटापर्यंतचं अंतर हातभर असेल तरच ती भाकरी. हॉटेलात ते अंतर काउंटर, वेटर, बिलाचं टेबल असं वळणं घेत येतं. गेल्या वर्षी एका ‘घरगुती’ पाटीला भुलून आम्ही उतरलो. भाकऱ्या सकाळीच करून प्लास्टिकच्या हॉटकेसात रचलेल्या. वाफेचं पाणी सुटून खालची चिंब, वरची चामड्यासारखी. मुलगा म्हणाला, ‘आई, ही मोजे घातलेली भाकरी आहे.’

सोलापूरकर शहाणे. त्यांनी मऊ भाकरी विकायचा हट्ट सोडला आणि कागदासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली कडक भाकरी विकायला काढली. ती कित्येक दिवस टिकते, पार्सलने परदेशातही जाते, सोबत शेंगाचटणी. जे विकता येत नाही ते विकायचं नाही, हा सरळ व्यवहार आहे.

मीही एक व्यवहार केला. आमच्या कोपऱ्यावर एक मिसळवाला आहे. रविवारी सकाळी मी घरी मोड आलेल्या मटकीची उसळ करते, भाकरीचं पीठ चाळून ठेवते आणि स्टीलचा कडीडबा घेऊन त्याच्याकडे जाते.

‘ताई, पाव किती?’

‘पाव नको. दोन प्लेटचा नुसता कट. तर्री वरून.’

‘मग खाणार कशाशी?’

‘भाकरीशी. घरात गरम करते.’

त्याने पळी हातात तशीच धरून विचारलं, ‘ज्वारीची?’

‘मंगळवेढ्याची.’

तो एक पळी जास्तीची घालून म्हणाला, ‘एखादी आम्हालाही आणा की कधी.’

पुढच्या रविवारी मी दोन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून नेल्या. कोपऱ्यापर्यंत चालत पाच मिनिटं, वर त्याची गिऱ्हाइकं सरेपर्यंत आणखी वीस. तोवर त्या पुरत्या वातड झाल्या होत्या. मला ओशाळायला झालं. त्याने एक मोडली, कटात दाबून भिजवली, उभ्या उभ्या खाल्ली आणि बोटं चाटत म्हणाला, ‘वा! एकदम घरगुती.’