चेन एकटी झिजत नाही

सकाळी ८:३०
शटर वर जायच्या आधीच दूधवाले मामा कट्ट्यावर येऊन बसलेत. कऱ्हाडच्या आसपासच्या गावांतलं सकाळचं दूध डेअरीला घालून झालं की गाडी दाखवायची हीच वेळ. संध्याकाळच्या धारेला ती परत दारात पाहिजे. शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना कॅन अडकवायचे हूक. "मिस्त्री, चढाला खडाखडा वाजतीया, मधीच झटका मारती. जरा चेन ताणून द्या." वाकून ॲडजस्टर बघितले, तर दोन्ही शेवटच्या खुणेला टेकलेत. ताणायला जागाच उरलेली नाही.

९:००
चेनकव्हर उतरवलं. मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन बोटांत धरून ओढली, तर ती दातावरून निम्मी उचलली गेली आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसला. नवी चेन तिथं जवळजवळ हलत नाही. मामांना तेवढ्यानं पटेना, म्हणून स्टीलची पट्टी काढली. या गाडीला ४२८ नंबरची चेन. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत १२.७ मिलिमीटर, म्हणजे बरोबर अर्धा इंच. २० कड्यांचे २५४ मिलिमीटर भरायला हवेत. पट्टीवर २६१ आले. दोन टक्के वाढ, म्हणजे २५९ च्या वर गेली की चेन संपली असं मी धरतो.

"लोखंड एवढं ताणलं?" मामा विचारतात. लोखंड कुठलं ताणतंय! प्रत्येक सांध्यात एक पिन असते आणि तिच्याभोवती बुश फिरतं. उसाच्या रानातली धूळ तेलात कालवली जाते आणि खलबत्त्यात घोटावं तशी तिथं घोटत राहते. एका सांध्यात एक दशांश मिलिमीटर झीज झाली, की शंभर सांध्यांची मिळून सेंटिमीटरभर होते.

९:३०
आता खरी घासाघीस. "मग नुसती चेन टाका. मागचं सॉकेट चांगलं दिसतंय की." दिवसातनं एकदा तरी हे ऐकावं लागतंच. मी डाव्या बाजूचं इंजिनकव्हर खोलून पुढचं स्प्रॉकेट दाखवतो. पुढं १४ दात, मागं ४२. मागचं चाक एकदा फिरेपर्यंत पुढचं तीनदा फिरतं, म्हणजे पुढच्या प्रत्येक दाताला तिप्पट मार. तो दिसत नाही, कारण कव्हराआड काळ्या ग्रीसच्या थरात लपलेला असतो. थर पुसल्यावर मामांनी स्वतःच दातावर अंगठा फिरवला. दात एका अंगाला झुकून आकड्यासारखा झालेला, टोकाला धार आलेली.

लांबलेल्या चेनचे रोलर दातांच्या खोबणीत नीट बसत नाहीत. ते वर चढतात, सगळा भार मोजक्या दातांवर येतो आणि दात आपला आकार सोडतात. अशा दातांवर नवी चेन घातली, तर ती अर्ध्या इंचाची आणि दात भलत्याच मापाचे. चार महिन्यांत नवीही जुन्यासारखी होते आणि माणूस म्हणतो, मिस्त्रीनं डुप्लिकेट माल घातला. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, तिन्ही एकदम. मामा हिशेब करतात आणि मान डोलवतात.

१०:१५
स्पेअरच्या दुकानातून सेट आणायला हाताखालच्या पोराला पाठवतो, जुन्या स्प्रॉकेटवरचे दात मोजूनच. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत एका-दोन दातांचा फरक असतो. आमच्याकडं कोइंबतूरच्या रोलॉनचे आणि चेन्नईच्या डायमंडचे सेट जास्त खपतात. खोकं आलं, की दात पुन्हा मोजायचे.

१०:४५
खोलताना क्रम महत्त्वाचा. जुनी चेन चढलेली असतानाच पोरगा मागचा ब्रेक दाबून धरतो आणि मी पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट ढिले करतो. आधी चेन काढली, की स्प्रॉकेट पान्याबरोबरच फिरायला लागतं. मग चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप नोजप्लायरनं सरकवायची आणि चेन ओढून घ्यायची. पुढचं स्प्रॉकेट निघालं, की शाफ्टचं ऑइल सील पुसून बघतो. तिथं ओल असेल तर सील आत्ताच बदललेलं बरं, नाहीतर महिन्याभरात एवढंच सगळं पुन्हा खोलायचं. इथं कोरडं आहे.

११:३०
मागचं चाक बाहेर. हबातले रबर दाबून बघितले, तर एका बाजूनं चेपलेत. क्लच सोडताना बसणारा हिसका हेच रबर खातात. ते मेले की हिसका थेट चेनवर. मामांच्या झटक्याचं निम्मं कारण इथं होतं. रबर बदलले. नवं स्प्रॉकेट बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे, म्हणजे ते तिरकं बसत नाही.

१२:१५
चेन चढवली. लॉकची क्लिप घालताना तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला आणि उघडं तोंड मागं. उलटी बसली तर कशाला तरी घासून निसटू शकते आणि लॉक रस्त्यातच सुटतं. पोराला हे सांगून भागत नाही, चाक फिरवून दिशा त्याच्याकडूनच दाखवून घेतो.

मग ढील. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून चाक सरळ करायचं, ते हळू फिरवून चेन सगळ्यांत ताठ होते ती जागा शोधायची आणि तिथं खालच्या बाजूला मधोमध मोजायचं. या गाडीला २० ते ३० मिलिमीटर. मामांसाठी मी ३० च्या जवळ ठेवतो. कॅन भरले, की मागचे शॉकअप दबतात, दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर वाढतं आणि चेन आणखी ताठ होते. रिकाम्या गाडीवर ताठ बसवलेली चेन ओझ्याखाली बेअरिंग खाते.

१:३०
भाकरी.

२:३०
कॉलेजच्या पोराला गाडीचा 'टॉप' वाढवायचाय, पुढं १५ दात घाला म्हणतो. गुणोत्तर ३ वरून २.८ वर येतं, ओढ साधारण सात टक्क्यांनी कमी होते. "मागं मित्र बसवून कुंभार्ली घाट चढणार का?" हसतो आणि १४ च ठेवतो.

४:३०
मामा परत. गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून आले, "आवाजच न्हाई की." जुनं इंजिन ऑइल चेनला घालू नका, त्यात धातूची भुकटी असते, हे बजावलं. रॉकेलनं पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, पावसात भिजली की पुन्हा. ५०० किलोमीटरनं ढील बघायला या, नवी चेन सुरुवातीला थोडी बसते. मजुरीवरून दोन शब्द झाले, ते होणारच.

७:३०
साबणपूड आणि लाकडाच्या भुश्यानं हात घासून वही काढतो. गाडीचा नंबर, मीटरचं रीडिंग, काय बदललं. मागली पानं चाळली, की एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत चेनच्या आयुष्याला दुपटीचा फरक दिसतो आणि वजनापेक्षा तो पुसण्याचा असतो. चेन किती किलोमीटर चालेल असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो: शेवटचं तेल कधी लावलं होतं?