दोन हवांची सीमा आणि भाताची कापणी

भातपिकास मोठा धोका असतो तो ते हाताशी आल्यावर. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ हे चक्रीवादळ उठले. ते महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे निघून गेले. तथापि त्या दिवसांतील पावसाने ठाणे जिल्ह्यासह कोकणात कापलेल्या भाताचे कडपे शेतातच भिजले आणि दाण्यांस मोड आले. पावसाळा संपला असे वाटत असतानाही पाऊस का येतो, हे समजून घेतल्यास कापणीची आखणी अधिक सावधपणे करता येईल.

हवेचा विस्तीर्ण साठा एकाच प्रदेशावर बरेच दिवस राहिला म्हणजे त्या प्रदेशाचे गुण त्याच्या अंगी येतात. समुद्रावरील हवा दमट होते, तर जमिनीवरील हवा कोरडी राहून ऋतूप्रमाणे तप्त अथवा थंड होते. अशा साठ्यास वायुराशी म्हणतात. दोन भिन्न वायुराशी एकमेकींस भिडतात त्या सीमेस आघाडी असे नाव आहे. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गेन येथील शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली, व युद्धातील आघाडीवरूनच हा शब्द घेतला. जड हवा हलक्या हवेखाली पाचरीप्रमाणे शिरते. हलकी हवा वर उचलली जाऊन थंड होते, तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात व पाऊस पडतो.

युरोपातील हवामान मुख्यतः अशा आघाड्यांवर चालते. आपल्याकडे तशा ठळक आघाड्या येत नाहीत. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडील विक्षोभ जातात आणि त्यांच्यामागून येणाऱ्या कोरड्या उत्तरेकडील वाऱ्याने बदलापूर, मुरबाड या भागांत थंडी वाढते, एवढाच त्यांचा आपल्याशी नेहमीचा संबंध. परंतु समुद्रावरील हवा व जमिनीवरील हवा यांची सीमा मात्र आपल्या जिल्ह्यावरून वर्षभर मागेपुढे होत असते.

तिचे लहान रूप एप्रिल महिन्यात पाहावयास मिळते. सकाळी जमिनीवरून गरम वारा वाहतो. दुपारी समुद्रावरून गार, दमट वारा आत सरकतो. तो ठाण्यास आधी, डोंबिवली-कल्याणास नंतर आणि मुरबाड-शहापूरकडे आणखी उशिरा व मंदावून पोहोचतो. पूर्वेचा वारा जोरदार असेल त्या दिवशी समुद्रवारा अडून राहतो व उष्मा फार वाढतो.

जूनमध्ये हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते. समुद्रावरील दमट वायुराशी जमिनीवर येते व सह्याद्रीस अडून वर चढते. म्हणून घाटाच्या पायथ्याशी पाऊस अधिक. मुंबईस मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. त्यापूर्वी सायंकाळी पूर्वेकडून गडगडाटासह पडणारी सर म्हणजे मोसमी पाऊस नव्हे. वारा पश्चिमेकडून स्थिर झाला आणि दिवसरात्र सरी येऊ लागल्या म्हणजे समुद्राची हवा स्थिरावली असे समजावे. केवळ वळवाच्या सरीवर भरवसा ठेवून टाकलेले रोप पुढे उघडीप पडल्यास वाळण्याचा संभव असतो.

मुंबईहून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. या सुमारास पूर्वेकडून कोरडी हवा येऊ लागते, परंतु समुद्राची दमट हवा पूर्णपणे हटलेली नसते. दुपारी दोन्ही वारे समोरासमोर आले म्हणजे हवेस वर चढण्यावाचून मार्ग राहत नाही. सकाळी स्वच्छ ऊन, असह्य घाम, दुपारी सह्याद्रीवर कापसाच्या ढिगांसारखे वाढणारे ढग आणि सायंकाळी विजांसह पाऊस, असा हा क्रम असतो. समुद्रात वादळ वा कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्यास दमट हवा कित्येक दिवस पुन्हा जमिनीवर येते. हळवे भात नेमके याच काळात तयार होते.

यास्तव शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. हवेतील दमटपणा कमी होऊन पहाटे गारवा जाणवू लागला, म्हणजे कोरडी हवा स्थिरावत आहे असे समजावे. तोपर्यंत सर्व शेत एकदम न कापता, जेवढे भात वाळवून, भारे बांधून खळ्यावर नेता येईल तेवढेच कापावे. कडपे पाणी साचणाऱ्या खाचरात न ठेवता उंच जागी पसरावेत. उडवी उंचवट्यावर रचून झाकावी. कापणीपूर्वी हवामान खात्याचा अंदाज अवश्य पाहावा. विजा चमकू लागताच काम थांबवून पक्क्या घराचा आश्रय घ्यावा. झाडाखाली उभे राहू नये.

आकाशातील दोन हवांची सीमा आपणांस हलविता येत नाही. परंतु ती कोणत्या बाजूस सरकत आहे हे ओळखून विळा कधी चालवावा, हे ठरविणे आपल्या हाती आहे.