दुभाष्यावाचून अडलेले काम

तयार आज्ञावली संगणकावर बसवणे आता कोणाला नवे नाही. परंतु एखाद्या आज्ञावलीचे मूळ लेखन, म्हणजे तिचा सोर्स, आणून त्यापासून ती स्वतः तयार करण्याची वेळ आली, की पुष्कळजण पहिल्याच पायरीवर अडतात. सरावासाठी जी.एन.यू. प्रकल्पाची ‘हॅलो’ ही लहानशी आज्ञावली घ्या. ‘कॉन्फिगर’ चालवले की काही ओळी सरकतात आणि उत्तर येते : स्वीकारण्याजोगा सी कंपायलर पाथमध्ये सापडला नाही.

येथे दोष आज्ञावलीचा नसतो. सोर्स माणसाला वाचता येईल अशा सी भाषेत असतो, प्रोसेसरला मात्र यंत्रभाषाच कळते. या दोहोंमधला दुभाषी म्हणजे कंपायलर. या अंकाचा कानडी विभाग कितीही सरस असला, तरी कानडी न येणाऱ्याला दुभाष्यावाचून त्याचा काय उपयोग? तसेच हे. लिनक्सवर बहुतेकांचे काम तयार पॅकेजांवर भागते, म्हणून कंपायलर आधीपासून बसवलेला असेलच असे नाही.

अशा वेळी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला, कंपायलर आहे का? टर्मिनलवर ‘जीसीसी’ची आवृत्ती विचारावी. आज्ञाच सापडत नसेल, तर उबुंटू वा डेबियनवर ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज बसवावे. त्यात जीसीसीबरोबर ‘मेक’ आणि सी भाषेच्या हेडर फायलीही येतात.

दुसरा, तो पाथमध्ये आहे का? आज्ञा ज्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी म्हणजे पाथ. कंपायलर त्या यादीबाहेर असला, तर असून नसल्यासारखाच.

तिसरा, तो काम करतो का? ‘कंपायलरला एक्झिक्युटेबल बनवता येत नाही’ असे उत्तर आले, तर कंपायलर सापडला आहे, पण त्याची चाचणी फसली आहे. कारण ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फायलीत मिळते. तेरीज जुळली नाही की आपण कीर्द उघडतो, तशी ती फाइल उघडावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॉन्फिगर अडले असताना घाईने ‘मेक’ चालवले, तर मेकफाइल नसल्याची नवीच तक्रार येते. ती फाइल यशस्वी कॉन्फिगरमधूनच तयार होते. म्हणून कंपायलर बसवून कॉन्फिगर पुन्हा चालवावे आणि मगच मेककडे वळावे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जी.एन.यू. प्रकल्प जाहीर केला आणि १९८७ साली जीसीसी प्रथम प्रसिद्ध झाला. सोर्स सर्वांना वाचता व बदलता यावा, हा त्यामागचा हेतू. सोर्स खुला, पण कंपायलर विकतचा, अशी स्थिती राहिली असती तर ते स्वातंत्र्य खिशात पैसे असणाऱ्यांपुरतेच उरले असते. आज हा दुभाषी विनामूल्य मिळतो. फीचीच जुळवाजुळव करताना दमछाक होणाऱ्या विद्यार्थ्याला याचे मोल अधिक कळेल. तेव्हा ‘कंपायलर सापडला नाही’ एवढ्या एका ओळीने त्याने माघार घेऊ नये.